महाधिवक्ता कुणाचा? महाराष्ट्र विधिमंडळाच्या सर्व सदस्यांना खुले पत्र

प्रति,
विधानसभा आणि विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य,
महाराष्ट्र विधिमंडळ

सन्माननीय सदस्यहो,

सप्रेम नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातली. पंचवीस वर्षं विधी महाविद्यालयात मुलांना संविधान शिकवलं, आता निवृत्त आहे. कुठल्याही पक्षाशी माझा संबंध नाही. विधानसभेत २८८ आणि विधान परिषदेत ७८ असे तुम्ही सगळे जण ज्या संविधानाची शपथ घेऊन बसता, त्यातल्या एका पदाबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे. ते पद म्हणजे राज्याचे महाधिवक्ता, म्हणजे ॲडव्होकेट जनरल, राज्य सरकारचे सर्वोच्च विधी अधिकारी.

पत्र लिहायचं कारण आधी सांगते.

माझे वडील शेतकरी होते. आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो. १९९८ साली आमची पावणेतीन एकर जमीन कालव्यात गेली. जमीन द्यायला आण्णांची ना नव्हती. गावाला पाणी येणार होतं आणि ते आलंही. भांडण होतं ते दराचं. भूसंपादन कायद्याच्या कलम १८ खाली जादा मोबदल्याचा दावा केला, दहा वर्षांनी जिल्हा न्यायालयानं दर वाढवून दिला आणि आण्णांनी घरी पेढे आणले. दोन वर्षांनी कळलं की खात्यानं मुंबईला अपील केलं आहे. कुठलं खातं, कुठलं कार्यालय, ते मी इथे लिहीत नाही. त्या टेबलावर माणसं बदलत राहिली, त्यामुळे कुणा एकाकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही.

आमचे वकील सांगायचे, आण्णा, तुम्ही यायची गरज नाही. तरी ते जायचेच. रात्री सांगलीहून महालक्ष्मी एक्स्प्रेस, सकाळी सीएसएमटी, तिथून चालत फोर्ट. हातात कापडी पिशवी. तिच्यात सात-बारा, अवॉर्डची (मोबदला ठरवणाऱ्या सरकारी निवाड्याची) नक्कल आणि जिल्हा न्यायालयाचा निकाल, तिन्ही दुधाच्या रिकाम्या, धुऊन वाळवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून वर रबरबँड लावलेला. दोन वेळा मी सोबत गेले होते. बोर्डावर नंबर एकशे चाळीसच्या पुढे. दुपारी कधीतरी पुकारा झाला, सरकारच्या बाजूनं एक तरुण वकील उभे राहिले आणि म्हणाले, खात्याकडून सूचना आलेल्या नाहीत, मुदत मिळावी. मुदत मिळाली. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचं काम. बाहेर आलो तर राजाबाई टॉवरच्या सावलीला उभं राहून आण्णांनी मला विचारलं, "अगं, काय म्हणायचं ते सरकारलाच ठाऊक नसंल, तर मग माझ्यावर अपील केलं कुणी?"

मी संविधानाची शिक्षिका. मला उत्तर देता आलं नाही.

२०१८ मध्ये आण्णा गेले. वारस म्हणून आम्हा भावंडांची नावं लावायला अर्ज, त्याला पुन्हा तारखा. २०२४ च्या दिवाळीनंतर एके दुपारी वकिलांचा फोन आला, "ताई, तुमचं मॅटर संपलं. खात्यानं अपील मागं घेतलं." आदेश पाच ओळींचा आहे. अपील चालवायचं नाही, सबब निकाली. चौदा वर्षं.

या चौदा वर्षांत सरकारचा एक रुपयाही वाचला नाही. १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम २८ प्रमाणे वाढीव मोबदल्यावर पहिल्या वर्षी ९ टक्के आणि पुढे दरसाल १५ टक्के व्याज लागतं. जो भाग न्यायालयात भरलेला नव्हता, त्यावर ते चढत गेलं आणि शेवटी तुमच्या-माझ्या करातूनच दिलं गेलं. बँकेच्या ठेवीलासुद्धा एवढं व्याज मिळत नाही. अपील दाखल करण्याआधी कुणा जाणत्या वकिलानं फाइल वाचून 'यात दम नाही, पैसे देऊन टाका' एवढं एक वाक्य लिहिलं असतं, तर आण्णांनी ते पैसे डोळ्यांनी पाहिले असते.

असं वाक्य लिहिणारा माणूस राज्याकडे असावा, हे संविधानकर्त्यांना सुचलं होतं. म्हणून कलम १६५ आहे. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्याची पात्रता असलेल्या व्यक्तीला राज्यपालांनी महाधिवक्ता नेमायचं आणि त्या व्यक्तीनं सरकारला कायद्याचा सल्ला द्यायचा. कलमात आधी सल्ला येतो, बाकीची कामं नंतर. कोर्टात सरकारची बाजू लढवणं हा त्या पदाचा सगळ्यात ठळक दिसणारा भाग, पण आधीचं काम सरकारला वेळीच 'हे करू नका' म्हणण्याचं आहे.

महाधिवक्ता प्रत्येक अपिलावर सही करत नाहीत, हे मला माहीत आहे. त्यांच्या खाली सरकारी वकील आणि सहायक सरकारी वकिलांची मोठी फळी असते. जमिनीच्या अपिलाचा कागद बहुधा त्यांच्या टेबलापर्यंत जातही नाही. पण घरातला कर्ता माणूस जसा वागतो तसं घर वागतं. आणि या राज्याला एकेकाळी असा कर्ता माणूस सतरा वर्षं लाभला होता. त्यांच्याबद्दल थोडं विस्तारानं लिहिते, कारण त्यांचं नाव या सभागृहात पुन्हा घेतलं जावं अशी माझी फार इच्छा आहे.

होरमसजी माणेकजी सीरवाई. जन्म ५ डिसेंबर १९०६, मुंबईतल्या पारशी घरात. एल्फिन्स्टन कॉलेजात तत्त्वज्ञान शिकले, मग कायदा, आणि मग सर जमशेदजी कांगा यांच्या चेंबरमध्ये उमेदवारी. हे चेंबर म्हणजे वकिलांची एक तालीमच. नानी पालखीवाला, फली नरिमन, सोली सोराबजी ही मंडळीही तिथलीच. १९५७ साली सीरवाई मुंबई राज्याचे महाधिवक्ता झाले. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, पाटी बदलली, सीरवाई त्याच पदावर राहिले. यशवंतराव चव्हाण, मारोतराव कन्नमवार, वसंतराव नाईक असे मुख्यमंत्री झाले. सीरवाई १९७४ पर्यंत होते. सर्वोच्च न्यायालयाचं न्यायाधीशपद देऊ केलं तेव्हा त्यांनी नाकारलं आणि देशाच्या महान्यायवादीपदाला, म्हणजे ॲटर्नी जनरलच्या पदालाही नाही म्हटलं. दिल्लीला जायची शिडी समोर असताना माणूस मुंबईतच, आपल्या राज्याच्या कामावर थांबला.

पदावर असतानाच, १९६७ साली, त्यांचा 'कॉन्स्टिट्यूशनल लॉ ऑफ इंडिया' हा ग्रंथ आला. त्यात त्यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांची कठोर चिकित्सा केली आहे. ज्या न्यायालयांसमोर रोज उभं राहायचं, त्यांच्याच चुका नावानिशी, कारणांसकट छापायच्या! आमच्या महाविद्यालयात पुढे त्याची तीन खंडांची आवृत्ती आली. ती काचेच्या कपाटात कुलूपबंद असायची. ग्रंथपाल बाहेर नेऊ देत नसत, म्हणून मी कपाटाशेजारी स्टुलावर बसून शंभर पानी वह्यांमध्ये उतारे काढले. त्या वह्या अजून आहेत. समासातल्या टिपा तेव्हा मराठीत लिहिल्या होत्या, कारण ते इंग्रजी पेलायला मला दोनदा वाचावं लागे आणि दुसऱ्या वेळी ते आपोआप मराठीत उतरे.

केशवानंद भारती खटला तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. केरळातल्या कासरगोडजवळच्या एडनीर मठाच्या जमिनीवरून सुरू झालेला हा खटला ३१ ऑक्टोबर १९७२ ते २३ मार्च १९७३ असा ६८ दिवस तेरा न्यायाधीशांसमोर चालला. मठाच्या बाजूनं पालखीवाला. केंद्राच्या बाजूनं महान्यायवादी निरेन डे. आणि केरळ राज्याच्या बाजूनं उभे होते ते आपले महाराष्ट्राचे महाधिवक्ता, सीरवाई. सोबतीला त्यांचे कनिष्ठ टी. आर. अंध्यारुजिना, जे पुढे स्वतः महाराष्ट्राचे महाधिवक्ता झाले. संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला न्यायालयानं घातलेली मर्यादा मान्य नाही, अशी सीरवाईंची मांडणी होती. २४ एप्रिल १९७३ ला निकाल लागला, सात विरुद्ध सहा. संविधानाची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. सीरवाई हरले.

आमच्याकडे हा खटला शिकवताना गोष्ट इथेच संपते. पालखीवाला जिंकले, टाळ्या. मी वर्गात नेहमी पुढचं सांगत आले. १९७५ साली इंदिरा गांधींच्या निवडणुकीचा खटला चालू असताना पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर काढणारी घटनादुरुस्ती झाली. न्यायालयानं तिचा तो भाग रद्द केला, आणि तो ज्या आधारावर केला ते तत्त्व म्हणजे सीरवाईंनी ६८ दिवस ज्याच्याविरुद्ध जिवाचं रान केलं तीच मूलभूत चौकट. सीरवाईंनी ते सगळं पुन्हा तपासलं आणि आपल्या ग्रंथाच्या पुढच्या आवृत्तीत आपलं मत बदललं. मूलभूत चौकटीचं तत्त्व त्यांनी स्वीकारलं. देशातल्या सगळ्यात गाजलेल्या खटल्यात आपण घेतलेली बाजू चुकीची होती, असं छापील शब्दांत मान्य करायला किती मोठं मन लागत असेल! वर्गात हे सांगताना माझा आवाज दर वर्षी थोडा जड व्हायचा आणि मुलं एकमेकांकडे बघायची.

आता दुसरं चित्र बघा. १९७६, आणीबाणी, जबलपूरचा बंदीप्रत्यक्षीकरणाचा (हेबियस कॉर्पसचा) खटला. बेकायदा डांबलेल्या माणसाला आणीबाणीत न्यायालयात दाद मागता येते का, हा प्रश्न. केंद्राच्या बाजूनं तेच निरेन डे. न्यायमूर्ती ह. रा. खन्नांनी त्यांना विचारलं की, एखाद्या पोलिसानं वैयक्तिक वैरातून कुणाला मारून टाकलं, तर तुमच्या म्हणण्याप्रमाणे दाद मागता येईल का? उत्तर आलं, आणीबाणी आहे तोवर नाही. २८ एप्रिल १९७६ ला चार न्यायाधीशांनी सरकारचं म्हणणं मान्य केलं, एकट्या खन्नांनी केलं नाही. सीरवाईंनी त्या चौघांच्या निकालावर नंतर जी टीका लिहिली, तिच्यातला संताप पन्नास वर्षांनी वाचतानाही अंगावर येतो. केशवानंद खटल्यात हे दोघे एकाच बाजूला होते. एकानं सरकारचं म्हणणं टोकापर्यंत नेलं. दुसऱ्यानं स्वतःचंच म्हणणं संविधानाला लावून पाहिलं आणि चुकलं तिथे खोडलं.

कुणी म्हणेल, बाई, सीरवाई सतरा वर्षं टिकले कारण राज्यात एकाच पक्षाची सत्ता होती. यात तथ्य आहे. पण पक्ष बदलला की महाधिवक्ता बदललाच पाहिजे असा काही नियम नाही. अलीकडचंच उदाहरण घ्या. आशुतोष कुंभकोणी २०१७ मध्ये या पदावर आले, २०१९ मध्ये सरकार बदललं, २०२२ मध्ये पुन्हा बदललं. तीन मुख्यमंत्र्यांच्या काळात ते पदावर होते. म्हणजे ठरवलं तर जमतं.

आणि पदाचा मान राखायची परंपराही मुंबईची जुनी आहे. मोतीलाल सेटलवाड १९३७ पासून मुंबईचे महाधिवक्ता होते, १९४२ च्या आंदोलनाच्या वेळी त्यांनी पद सोडलं. पुढे ते देशाचे पहिले महान्यायवादी झाले. १९५८ मध्ये मुंदडा प्रकरणाची, म्हणजे आयुर्विमा महामंडळाचे पैसे मुंदडा या उद्योगपतीच्या कंपन्यांत गुंतवल्याच्या घोटाळ्याची, चौकशी न्यायमूर्ती छागलांसमोर मुंबईत उघडपणे चालली, तेव्हा सरकारचाच हा वकील मंत्र्यांवरची जबाबदारी टाळू देईना. अर्थमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. ज्या शहरानं ही माणसं दिली, तिथल्या विधिमंडळाला या पदाविषयी दोन तास चर्चा करायला सवड नसावी, याचं मला वाईट वाटतं.

आता माझ्या तक्रारी. त्या कुणा एका सरकारविरुद्ध नाहीत. सत्तेत आलटून पालटून तुम्ही सगळेच बसला आहात.

पहिली. हे पद रिकामं ठेवलं जातं. २०१५ च्या जूनमध्ये सुनील मनोहर यांनी राजीनामा दिला, नवे महाधिवक्ता ऑक्टोबरात आले. ते, म्हणजे श्रीहरी अणे, मार्च २०१६ मध्ये गेले, आणि मग वर्ष संपेपर्यंत राज्य प्रभारी महाधिवक्त्यावर चाललं. रोहित देव यांची नियमित नेमणूक झाली ती डिसेंबरच्या अखेरीला. मधल्या काळात लोकांना जनहित याचिका कराव्या लागल्या, उच्च न्यायालयाला सरकारकडे विचारणा करावी लागली. संविधानानं सांगितलेलं पद भरा, हे सांगायला न्यायालयात जावं लागतं? तलाठ्याची जागा रिकामी राहिली तर तुम्ही सभागृह डोक्यावर घेता, आणि ते योग्यच आहे. या रिकाम्या खुर्चीसाठी किती जण उठून उभे राहिलात?

रिकाम्या खुर्चीनं काय अडतं, तेही सांगते. सार्वजनिक उपद्रवाविरुद्ध दिवाणी दावा करायचा पहिला अधिकार दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ नं महाधिवक्त्यांना दिला आहे. खासगी माणसाला फौजदारी स्वरूपाच्या न्यायालय अवमानाची तक्रार न्यायालयात न्यायची तर १९७१ च्या कायद्याप्रमाणे त्यांची संमती लागते. संविधानाच्या अर्थाचा महत्त्वाचा प्रश्न उपस्थित करून राज्याच्या कायद्याला आव्हान दिलं, तर त्यांना नोटीस जाते. राज्याच्या बार कौन्सिलचे ते पदसिद्ध सदस्य असतात. हे काम असलं-नसलं तरी चालेल असं नाही.

दुसरी तक्रार तुमच्याविषयी आहे, स्पष्ट लिहिते. संविधानाचं कलम १७७ महाधिवक्त्यांना दोन्ही सभागृहांत बोलायचा अधिकार देतं. मत देता येत नाही, बोलता येतं. एखादं विधेयक न्यायालयात टिकेल का, यावर तुम्ही तासन्‌तास भांडता. राज्याचा सर्वोच्च विधी अधिकारी सभागृहात उभा राहून हे सांगू शकतो. गेल्या पाच वर्षांत तुम्ही त्यांना किती वेळा बोलावलंत, ते तुम्हीच आठवून बघा.

तिसरी. 'महाधिवक्त्यांचं मत घेतलं आहे' हे वाक्य मंत्री सभागृहात फेकतात आणि विषय संपतो. मत काय होतं? कुठल्या प्रश्नावर मागितलं होतं? कागद दिसत नाही. अमेरिकेतल्या राज्यांत आपल्या महाधिवक्त्यासारखं पद आहे. ५० पैकी ४३ राज्यांत तर त्याला लोक थेट निवडून देतात. ते आपल्याकडे आणा असं मी म्हणत नाही, निवडणुकीला उभा राहणारा वकील सल्ला देईल की प्रचार करेल याची मला शंका आहे. पण तिथली एक पद्धत घेण्यासारखी आहे. टेक्सास, कॅलिफोर्निया अशा राज्यांत हा अधिकारी जी औपचारिक मतं देतो ती क्रमांक घालून प्रसिद्ध होतात. नागरिक वाचू शकतो, विद्यार्थी अभ्यासू शकतो, पुढचं सरकार त्यांचा आधार घेऊ शकतं. चालू खटल्यातली गुप्त चर्चा कुणी मागत नाही. पण 'या कायद्याचा अर्थ असा' हे सांगणारं मत जनतेच्या पैशानं घेतलेलं असतं, ते जनतेपासून कशासाठी लपवायचं? सीरवाईंनी सतरा वर्षांत दिलेली मतं कुठे आहेत? त्यांच्या ग्रंथातून आपल्याला त्यांची बुद्धी दिसते. या राज्याला त्यांनी कुठे थांबवलं आणि कुठे धीर दिला, ते मात्र दप्तरात बांधून पडलं आहे.

चौथी तक्रार म्हणजे आण्णांचा प्रश्न. न्यायालयांत सगळ्यात मोठा पक्षकार सरकारच, हे केंद्रानं २०१० च्या राष्ट्रीय वाद धोरणात मान्य केलं. सरकारनं जबाबदार पक्षकार व्हावं, असंही त्यात लिहिलं. कागद चांगला होता. इथे मला एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायची आहे. केशवानंद खटल्यात सीरवाई मठाच्या जमिनीच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे जमीन घेणाऱ्या राज्याच्या बाजूला होते. आणि मी, जिच्या बापाची जमीन गेली ती, सीरवाईंची गोष्ट आदरानं सांगते आहे. राज्यानं लोकांसाठी जमीन घ्यावी. न्यायालयात लढावंही. पण लढताना आपण कशासाठी लढतोय ते राज्याला ठाऊक असावं. समोर बसलेला म्हातारा शत्रू नाही, आपलाच नागरिक आहे, हे त्याच्या वकिलाला ठाऊक असावं. 'सूचना नाहीत' असं म्हणताना त्याला थोडी लाज वाटावी.

पाचवी तक्रार भाषेची आहे. मराठीला अभिजात दर्जा मिळाला, सभागृहात तुम्ही बाकं वाजवलीत, मलाही आनंद झाला. निवृत्त व्हायच्या आधी वाळव्याकडचा एक विद्यार्थी मला म्हणाला, मॅडम, सीरवाईंवर मराठीत काहीतरी द्या की, गावाकडं वाचून दाखवतो. आमच्या ग्रंथालयात एक पान सापडलं नाही. मी त्याला माझ्या त्या वह्या दिल्या. तो आता तालुक्याला वकिली करतो.

माझ्या मागण्या अशा आहेत.

महाधिवक्त्याचं पद रिकामं झाल्यापासून ३० दिवसांत नियमित नेमणूक करावी, असा ठराव दोन्ही सभागृहांनी एकमतानं करावा. मुदतीत ती झाली नाही तर सरकारनं सभागृहात कारणं सांगावीत.

प्रत्येक अधिवेशनात किमान एकदा महाधिवक्त्यांना कलम १७७ खाली सभागृहात निमंत्रित करावं आणि न्यायालयात आव्हान मिळू शकेल अशा विधेयकावर त्यांचं म्हणणं कामकाजात नोंदवून घ्यावं.

चालू खटल्यांशी संबंध नसलेली त्यांची औपचारिक मतं क्रमांक देऊन, मराठी सारांशासह, दरवर्षी प्रसिद्ध करावीत. १९५७ ते १९७४ मधली सीरवाईंची मतं शोधून, जतन करून अभ्यासकांना खुली करावीत. सुरुवात तिथूनच झाली तर मला सगळ्यात जास्त आनंद होईल.

नागरिकाच्या बाजूनं लागलेल्या मोबदल्याच्या, पेन्शनच्या, नोकरीच्या निकालावर कुठल्याही खात्यानं अपील करण्याआधी विधी अधिकाऱ्याचं लेखी, कारणांसहित मत घ्यावं आणि अपिलाच्या नोटिशीबरोबर त्याची प्रत त्या नागरिकाला द्यावी. दोन तारखांना खात्याकडून सूचना आल्या नाहीत तर तिसऱ्या तारखेला त्या खात्याच्या जबाबदार अधिकाऱ्यानं स्वतः हजर राहावं. ही मागणी मी सगळ्यात मोठ्या अक्षरांत लिहिली आहे असं समजा.

राज्याचं साहित्य आणि संस्कृती मंडळ 'महाराष्ट्राचे शिल्पकार' या मालिकेत लहान चरित्रं काढतं. त्यात सीरवाईंचं चरित्र यावं, सोप्या मराठीत, विधी महाविद्यालयातल्या पहिल्या वर्षाच्या मुलाला कळेल असं. लिहायला माणूस मिळाला नाही तर मी विनामूल्य लिहून देईन. वह्या परत मागवीन.

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, सुरू झालं. आमच्या भागानं त्यासाठी कित्येक वर्षं आंदोलनं केली. मी एकदा तिथे जाऊन आले. आमच्याकडून एसटीनं सकाळी निघालं की पुकाऱ्याच्या आत पोचता येतं. बाहेर बाकावर एक आजोबा बसले होते, मांडीवर पिशवी, पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कागद. कशाची केस, मी विचारलं. म्हणाले, "धरणातली जमीन. सरकारचं अपील हाय. आज काय हुतंय बघू."

त्यांना पुढची तारीख मिळाली. कारण मी विचारलं नाही.

माझ्या मतदारसंघाच्या आमदारांना या पत्राची प्रत मी हातानं नेऊन दिली आहे. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात त्यांनी निदान चौथ्या तक्रारीतला आण्णांचा प्रश्न विचारावा, अशी विनंती केली आहे. प्रेक्षक गॅलरीचा पासही मागितला आहे. पास मिळाला तर आण्णांची पिशवी घेऊन मी तिथे येईन. उत्तर लेखी हवं आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त विधी शिक्षिका
जिल्हा सांगली